फेरो, तुली, लातुम्: एक लॅटिन धातू मुळापासून कसा चालवावा

लॅटिन शिकायला घेतलेला प्रत्येक जण कधी ना कधी एका क्रियापदापाशी अडखळतो. अर्थ साधाच आहे: वाहणे, नेणे, आणणे, सोसणे. कोशात मात्र त्याची चार मूळ रूपं अशी दिलेली असतात: फेरो, फेर्रे, तुली, लातुम्. म्हणजे 'मी वाहतो', 'वाहणे', 'मी वाहिलं' आणि 'वाहायला'. पहिली दोन एकाच घरातली दिसतात, तिसरं परकं वाटतं आणि चौथ्याचा कुणाशीच संबंध लागत नाही. व्याकरणाची पुस्तकं 'अनियमित' असं लिहून तक्ता छापतात आणि पुढे जातात. विद्यार्थी तो तक्ता घोकतो आणि परीक्षा झाली की विसरतो.

मराठी वाचकाने हे क्रियापद घोकून शिकू नये, असं माझं ठाम मत आहे. यात दोन धातू एकत्र आले आहेत आणि ते दोन्ही आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. एक 'भार'मध्ये आहे, दुसरा 'तोल'मध्ये. हे नातं नीट समजून घेतलं, तर तक्त्याचा मोठा भाग आपोआप उलगडतो. जो उरतो, त्याला एक छोटा नियम पुरतो.

आधी लिपीबद्दल थोडं. या लेखात लॅटिन रूपं देवनागरीत लिहिली आहेत. 'फ' हा 'फोन'मधल्यासारखा, खालचा ओठ वरच्या दातांना लावून म्हणायचा. 'त' नेहमी दंत्य, आपल्या 'तोल'मधला. 'अ' लिहिला असेल तिथे आखूड 'आ' म्हणायचा. शेवटचं व्यंजन पाय मोडून लिहिलं आहे, म्हणजे 'फेर्त्'च्या शेवटी स्वर चुकूनही येणार नाही. 'ए' आणि 'ओ' यांचे ऱ्हस्व-दीर्घ भेद लॅटिनमध्ये आहेत, पण देवनागरीत ते दाखवायची सोय नाही. जिथे अडेल तिथे सांगेन.

पायरी पहिली: तीन अंगं वेगळी करा

'मी जातो' आणि 'मी गेलो' ही एकाच क्रियापदाची रूपं आहेत, याबद्दल कुणाही मराठी माणसाला शंका येत नाही. पण 'जातो' आलं संस्कृत 'या' धातूवरून (याति) आणि 'गेलो' आलं 'गम्'वरून (गत). दोन वेगळे धातू, एक संसार. 'येतो' आणि 'आला' यांचंही तसंच आहे. लॅटिनच्या या क्रियापदात हेच घडलंय. वर्तमानकाळासाठी एक धातू ठेवला आणि झालेल्या क्रियेसाठी दुसरा घेतला.

म्हणून वहीत सुरुवातीलाच तीन अंगं, म्हणजे ज्यांना प्रत्यय लागतात ते शब्दाचे मूळ भाग, लिहून ठेवावीत.

फेर्: वर्तमानकाळ, अपूर्ण भूतकाळ, साधा भविष्यकाळ. कर्तरि आणि कर्मणि दोन्ही. आज्ञार्थही याच अंगाचा.

तुल्: पूर्ण झालेल्या क्रियेचे तिन्ही काळ, फक्त कर्तरि.

लात्: त्याच पूर्ण काळांचं कर्मणि, शिवाय 'वाहिलेला' आणि 'वाहणार असलेला' ही धातुसाधितं.

या वाटणीला अपवाद नाही. 'तुल्' कधीही वर्तमानकाळात दिसणार नाही आणि 'फेर्' पूर्ण भूतकाळात दिसणार नाही. वाचताना शब्दात 'तुल्' दिसला की काळाचं निम्मं उत्तर मिळालं.

पायरी दुसरी: 'फेर्' म्हणजे 'भर्' हे पटवून घ्या

संस्कृत, लॅटिन, ग्रीक या भाषा ज्या एका जुन्या भाषेतून आल्या तिला इंडो-युरोपीय म्हणतात. तिच्यातला मूळ धातू 'भेर्' असा मानला जातो. त्याचं लॅटिनमध्ये 'फेर्' झालं आणि संस्कृतात 'भर्' (धातू भृ, रूप भरति). दोन ध्वनिनियम लक्षात ठेवले की पुरे.

पहिला नियम असा. शब्दाच्या सुरुवातीचा जुना 'भ' लॅटिनमध्ये 'फ' होतो. भ्रातृ आणि फ्रातेर्, भू आणि फुई ('मी होतो') ही त्याची उदाहरणं. तोच 'भ' शब्दाच्या मधे आला तर लॅटिनमध्ये 'ब' होतो. नभस् आणि नेबुला (धुकं) घ्या. हा मधला 'ब' पुढे उपयोगी पडणार आहे, विसरू नका.

दुसरा नियम म्हणजे जुना 'ए' लॅटिनने सांभाळला, संस्कृतने त्याचा 'अ' केला. देकेम् आणि दश, सेप्तेम् आणि सप्त, एस्त् आणि अस्ति. म्हणून फेर् आणि भर्.

हा धातू सगळीकडे पसरलेला आहे. ग्रीकमध्ये 'फेरो' आहे, इंग्रजीतलं 'बेअर' तेच, फारसीतलं 'बुर्दन' तेच. फारसीतला 'बर' आपल्याकडे 'पैगंबर' या शब्दात आला: पैगाम वाहून आणणारा. मराठीत भार, भारा, भरणे, भरणपोषण, भर्ता, भृत्य ही सगळी या धातूची प्रजा. लॅटिनमध्ये नशिबाला 'फोर्स्' म्हणत आणि त्यावरून 'फोर्तूना'. तोही याच धातूचा शब्द, 'जे वाट्याला आणलं जातं ते'. संस्कृतातला 'भृति' त्याच साच्यातला, फक्त त्याचा अर्थ मजुरी किंवा पोटगी असा राहिला.

या नात्याची चाहूल फार लवकर लागली होती, आणि ती आपल्या मुलखात लागली. ख्रिस्तपुराण लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स यांनी १५८३ साली गोव्याहून भावाला पाठवलेल्या पत्रात इथल्या भाषांची घडण लॅटिन आणि ग्रीकसारखी असल्याचं नोंदवलं. हेच नातं मांडणारं विल्यम जोन्सचं कलकत्त्यातलं प्रसिद्ध भाषण त्यानंतर दोनशे वर्षांनी, १७८६ साली झालं. आणि १८१६ साली फ्रान्ट्स बोप याने संस्कृत, ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मानिक भाषांतल्या क्रियापदांची रूपं शेजारी-शेजारी मांडून तौलनिक भाषाशास्त्राचा पाया घातला. धातू चालवून पाहणं हे या शास्त्राचं पहिलं काम होतं. आपणही तेच करू.

| | लॅटिन | संस्कृत |
|---|---|---|
| मी | फेरो | भरामि |
| तू | फेर्स् | भरसि |
| तो, ती | फेर्त् | भरति |
| आम्ही | फेरिमुस् | भरामः |
| तुम्ही | फेर्तिस् | भरथ |
| ते, त्या | फेरुन्त् | भरन्ति |

हा तक्ता मोठ्याने वाचा, आडवा आणि उभा दोन्ही. स्, त्, मुस्-मः, न्त् हे प्रत्यय कानाला लगेच ओळखू येतात. संस्कृतातलं द्विवचन लॅटिनने टाकून दिलंय, तेवढं ओझं कमी.

पायरी तिसरी: अनियमितपणा नेमका किती आहे ते मोजा

लॅटिनमध्ये क्रियापदांचे चार मुख्य गण आहेत. 'फेरो' तिसऱ्या गणाच्या वळणावर जातं. त्या गणाचा नमुना म्हणून 'रेगो' (मी राज्य करतो, आपल्या 'राजा'च्या कुळातला) घेऊ. रेगो, रेगिस्, रेगित्, रेगिमुस्, रेगितिस्, रेगुन्त्. आता फेरोशी ताडून पाहा. रेगिस् पण फेर्स्, रेगित् पण फेर्त्, रेगितिस् पण फेर्तिस्. बाकी तिन्ही रूपं हुबेहूब.

नियम असा निघतो: तिसऱ्या गणात अंगानंतर जो ऱ्हस्व स्वर येतो, त्याच्या पुढे स्, त् किंवा र् असेल तर 'फेर्'मध्ये तो स्वर नसतो. पुढे म् असेल तर तो राहतो, म्हणून फेरिमुस्. या एका नियमात बहुतेक सगळं बसतं. रेगेरे (राज्य करणे) पण फेर्रे. आज्ञार्थात रेगिते पण फेर्ते. कर्मणित रेगितुर् पण फेर्तुर्, रेगेरिस् पण फेर्रिस्. नियमाबाहेरची दोनच रूपं वेगळी लक्षात ठेवायची. एक, एकवचनी आज्ञार्थ 'फेर्', म्हणजे नुसता धातू. दोन, कर्मणि मूळरूप 'फेर्री'. रेगोचं ते 'रेगी' असतं, इथे र जोडलेला आहे.

हा स्वर आधी होता आणि मग गळला, की तो या धातूत मुळातच नव्हता, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. दुसऱ्या बाजूच्या लोकांना ऋग्वेदाचा आधार मिळतो, कारण तिथे नेहमीच्या 'भरति'बरोबर 'भर्ति' असंही रूप सापडतं. 'फेर्त्'च्या शेजारी 'भर्ति' ठेवून पाहिलं की हे म्हणणं सहज टाकून देता येत नाही.

'फेर्रे'मधल्या दुहेरी र बद्दलही सांगायला हवं. लॅटिनमध्ये मूळरूपाचा प्रत्यय आधी 'से' होता. 'एस्से' (असणे) यात तो तसाच उरलाय. 'फेर् + से'मधला 'र्स' जुळून 'र्र' झाला. जमिनीला 'तेर्रा' म्हणतात ते असंच झालं: मुळात 'कोरडी' या अर्थाचा 'तेर्स्' धातू, संस्कृतात तृष्, आपली तहान.

पायरी चौथी: 'फेर्' अंगाचे बाकीचे काळ

अपूर्ण भूतकाळ: फेरेबम्, फेरेबास्, फेरेबत्, फेरेबामुस्, फेरेबातिस्, फेरेबन्त्. अर्थ 'मी वाहत होतो' वगैरे. यातला 'बा' कुठून आला? तो 'भू' धातूचा अवशेष मानला जातो. मधला 'भ' लॅटिनमध्ये 'ब' होतो हे वर पाहिलंच. मराठीत 'वाहत होतो' म्हणताना आपणही 'होणे', म्हणजे भू धातूच जोडतो. दोन भाषांनी हजारो कोसांवर एकच युक्ती काढली. लॅटिनमध्ये तो धातू प्रत्यय होऊन चिकटून गेला, मराठीत सुटा राहिला.

भविष्यकाळ: फेरम्, फेरेस्, फेरेत्, फेरेमुस्, फेरेतिस्, फेरेन्त्. हा 'ए' वेदातल्या लेट् लकाराच्या, म्हणजे इच्छा किंवा शक्यता सांगणाऱ्या रूपांच्या, कुळातला आहे (भरासि, भराति). पुढच्या संस्कृतात तो लकार लोपला. लॅटिनने त्याला भविष्यकाळाच्या कामाला लावलं.

विध्यर्थ, म्हणजे 'वाहावं, वाहो, वाहू या' असा भाव: फेरम्, फेरास्, फेरत्, फेरामुस्, फेरातिस्, फेरन्त्. आणि भूतकाळी विध्यर्थ: फेर्रेम्, फेर्रेस्, फेर्रेत्, फेर्रेमुस्, फेर्रेतिस्, फेर्रेन्त्. हा शेवटचा करायला सोपा आहे. मूळरूप 'फेर्रे' घ्यायचं आणि पुढे प्रत्यय लावायचे.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथे. चार रूपं एका ओळीत लिहा आणि रोज एकदा म्हणा:

फेर्त्: तो वाहतो.
फेरेत्: तो वाहील.
फेरत्: त्याने वाहावं.
फेर्रेत्: तो वाहता तर.

स्वर नाही, 'ए', 'अ', दुहेरी र. एवढाच फरक. 'फेरम्' मात्र भविष्य आणि विध्यर्थ दोन्हीत सारखंच आहे. तिथे वाक्याच्या ओघावरून ठरवावं लागतं.

कर्मणिसाठी शेवटी 'र्' येतो: फेरोर्, फेर्रिस्, फेर्तुर्, फेरिमुर्, फेरिमिनी, फेरुन्तुर्. 'फेर्तुर्' हे रूप वाचनात फार वेळा भेटतं, कारण त्याचा अर्थ 'वाहिला जातो' इतकाच नाही. 'असं म्हणतात', 'अशी वदंता आहे' या अर्थानेही ते येतं. कर्तरि 'फेरुन्त्'सुद्धा तसंच, 'लोक सांगतात'. आणि माणूस, नदी किंवा वारा यांच्याबद्दल 'फेर्तुर्' आलं तर 'वेगाने ओढला जातो, धावतो' असा अर्थ घ्यायचा.

वर्तमान धातुसाधित 'फेरेन्स्', त्याचं अंग 'फेरेन्त्'. संस्कृतातलं 'भरन्, भरन्तम्' हे त्याचं भावंडं. मराठीतल्या 'वाहत', 'करीत' यांतला 'त' याच जुन्या 'न्त्'चा वंशज.

आज्ञार्थ फेर् (तू ने, आण) आणि फेर्ते (तुम्ही न्या). एकवचनात नुसता धातू उभा राहणारी चारच नेहमीची क्रियापदं आहेत आणि लॅटिनचे विद्यार्थी ती तालावर पाठ करतात: दीक्, दूक्, फाक्, फेर्. सांग, घेऊन चल, कर, आण.

पायरी पाचवी: 'तुल्', जिथे सगळं फुकट मिळतं

आता 'तोल'कडे. जुना धातू 'तेल्' असा होता, अर्थ उचलणे, पेलणे. संस्कृतात त्यावरून तुला, तुलयति. मराठीत तोल, तोलणे, तोळा, तूळ रास. ग्रीकमध्ये 'तालान्तोन्' म्हणजे तराजू आणि एक ठरावीक वजन. तोच शब्द लॅटिनमधून फिरत फिरत 'टॅलेंट' झाला. सोन्याचा तोळा आणि पोरातलं टॅलेंट हे असे एका धातूचे. लॅटिनमध्ये याच धातूवरून 'तोल्लो' (मी उचलतो) हे स्वतंत्र क्रियापदही आहे. वसई किंवा गोव्यातल्या चर्चमध्ये लॅटिन मिस्सा ऐकलेल्यांना 'क्वी तोल्लिस पेक्काता मुंदी' ही ओळ ठाऊक असेल, 'जगाची पापं उचलून नेणाऱ्या'. त्यातलं 'तोल्लिस' हेच.

'तुली' आधी 'तेतुली' असं होतं. प्लॉटस आणि टेरेन्स या जुन्या रोमन नाटककारांच्या नाटकांत हे जुनं रूप अजून दिसतं. 'ते' हे द्वित्व आहे. संस्कृतातल्या लिट् लकारात (परोक्ष भूतकाळात) धातूचं पहिलं अक्षर दुहेरी होतं, ददौ, बभार. लॅटिन 'देदी' (मी दिलं) तसंच. 'तेतुली'मधला 'ते' पुढे गळला आणि 'तुली' राहिलं.

इथे चांगली बातमी अशी की लॅटिनमध्ये पूर्ण काळांचे प्रत्यय सगळ्या क्रियापदांना एकच असतात. गण कुठलाही असो. म्हणून 'तुल्' अंग कळलं की अनियमितपणा संपला.

पूर्ण भूतकाळ: तुली, तुलिस्ती, तुलित्, तुलिमुस्, तुलिस्तिस्, तुलेरुन्त्. 'मी वाहिलं, तू वाहिलंस...'

त्याआधीचा भूतकाळ: तुलेरम्, तुलेरास्, तुलेरत्, तुलेरामुस्, तुलेरातिस्, तुलेरन्त्. 'मी वाहिलं होतं...'

पूर्ण भविष्य: तुलेरो, तुलेरिस्, तुलेरित्, तुलेरिमुस्, तुलेरितिस्, तुलेरिन्त्. 'मी वाहिलेलं असेन...'

विध्यर्थाचे दोन काळ 'तुलेरिम्' आणि 'तुलिस्सेम्' असे सुरू होतात, मूळरूप 'तुलिस्से'. हे प्रत्यय एकदा नीट बसले की लॅटिनमधल्या कुठल्याही क्रियापदाला ते लावता येतात, म्हणून या पायरीला वेळ द्या.

पायरी सहावी: 'लात्' परकं का दिसतं

'लातुम्' हे 'तुली'चंच सख्खं भावंडं आहे. 'तेल्' धातूचं स्वर आटलेलं रूप 'त्ला', त्याला 'त' प्रत्यय लागून 'त्लातुस्' झालं. लॅटिनच्या तोंडाला शब्दारंभीचं 'त्ल' मानवत नव्हतं, त्याने 'त्' सोडला. राहिलं 'लातुस्', म्हणजे वाहिलेला. यातला 'त' संस्कृतातल्या क्त प्रत्ययाचा, कृत-गत-भृतमधला.

त्यावरून कर्मणि पूर्ण काळ सरळ होतात: लातुस् सुम् (मला वाहून नेलं गेलं), लातुस् एरम्, लातुस् एरो. इथे 'लातुस्' लिंगवचनाप्रमाणे बदलतं: स्त्रीलिंगी लाता, नपुंसकलिंगी लातुम्, पुल्लिंगी अनेकवचनी लाती. मराठीत 'नेला, नेली, नेलं' म्हणताना आपण हेच करतो, त्यामुळे हा भाग मराठी विद्यार्थ्याला जड जात नाही.

कोशातलं चौथं रूप 'लातुम्' म्हणजे 'वाहायला'. संस्कृत शिकलेल्याने इथे थांबून बघावं. भर्तुम्, गन्तुम्, कर्तुम् यांतला तुमुन् प्रत्यय आणि हा 'तुम्' एकच. वापरही जुळतो: जाणे-येणे अशा क्रियापदांबरोबर हेतू सांगायला लॅटिन तो वापरते, जसं आपण 'भर्तुं गच्छति' म्हणू.

एक सावधगिरी. 'लातुस्' असाच उच्चार असलेलं एक विशेषण आहे, अर्थ 'रुंद'. त्याचा या क्रियापदाशी संबंध नाही. तसंच 'फेर्रुम्' (लोखंड) आणि 'फेरुस्' (रानटी) हे शब्दही 'फेर्'चे नव्हेत.

पायरी सातवी: उपसर्ग लावून पाहा

संस्कृतात 'हृ' धातूला उपसर्ग लागून प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार होतात, हे उदाहरण शिक्षक हमखास देतात. लॅटिनमध्ये तो मान फेरोचा आहे. अडचण एवढीच की उपसर्गाचं शेवटचं व्यंजन पुढच्या फ्, त् किंवा ल् प्रमाणे बदलतं. तीन अंगं, म्हणून उपसर्गाची तीन तोंडं.

| अर्थ | मी... | मी ...लं | ...लेला |
|---|---|---|---|
| जवळ आणणे | अफ्फेरो | अत्तुली | अल्लातुस् |
| काढून नेणे | औफेरो | अब्स्तुली | अब्लातुस् |
| एकत्र आणणे | कोन्फेरो | कोन्तुली | कोल्लातुस् |
| पांगवणे, लांबवणे | दिफ्फेरो | दिस्तुली | दीलातुस् |
| बाहेर नेणे | एफ्फेरो | एक्स्तुली | एलातुस् |
| पुढे ठेवणे, देऊ करणे | ओफ्फेरो | ओब्तुली | ओब्लातुस् |
| परत आणणे, सांगणे | रेफेरो | रेत्तुली | रेलातुस् |
| पलीकडे नेणे | त्रान्स्फेरो | त्रान्स्तुली | त्रान्स्लातुस् |

'रेत्तुली'त त दुहेरी का, याचं उत्तर आपल्याकडे आहे. जुन्या 'रे + तेतुली'मधला 'ए' गळला आणि दोन त एकमेकांना भिडले. सुट्या 'तुली'तून नाहीसं झालेलं द्वित्व इथे टिकून राहिलं.

हा तक्ता पाठ करण्याऐवजी ऑफिसात रोज कानावर पडणारे शब्द त्यात बसवून पाहा. ट्रान्सफर आणि ट्रान्सलेशन एकाच क्रियापदाचे, एक फेर् अंगाचा, दुसरा लात् अंगाचा. रेफरन्स आणि रिलेशन तसेच. कॉन्फरन्स कोन्फेरोचा, डिफरन्स दिफ्फेरोचा, ऑफर ओफ्फेरोची. कायदा मांडण्याला लॅटिनमध्ये 'लेगेम् फेर्रे' म्हणत आणि मांडणाऱ्याला 'लेगिस् लातोर्'. त्यातून लेजिस्लेटर आणि लेजिस्लेटिव्ह आले, म्हणजे आमदाराच्या 'एमएलए'मधल्या 'एल'च्या पोटात आपलं 'लात्' आहे. लॅटिनमधल्या एका विभक्तीचं नावही 'अब्लातुस्'वरून पडलं, ॲब्लेटिव्ह: काढून नेण्याची विभक्ती. आपले वैयाकरण पंचमीच्या अर्थाला अपादान म्हणतात, अप + आदान. दोन्हीकडे नाव ठेवणाऱ्यांनी एकच गोष्ट पाहिली.

आणखी एक. इंग्रजी ग्रंथांच्या तळटिपांत 'सी. एफ.' ही खूण असते. ती 'कोन्फेर्' या आज्ञार्थाची, 'एकत्र आणून बघ'. मराठी ग्रंथात तिथे 'तुलना करा' छापतात. म्हणजे लॅटिनने तिथे भर् धातू वापरला आणि मराठीने तुल्. फेरोच्या संसारातले दोन्ही धातू एकाच तळटिपेत भेटतात.

उपसर्गांसारखंच 'फेर्' शब्दाच्या शेवटीही लागतं, 'वाहणारा, देणारा' या अर्थाने. सैन्याचं निशाण वाहणारा सिग्निफेर्, पहाटेचा प्रकाश आणणारा शुक्रतारा लूकिफेर्. वनस्पतींची शास्त्रीय नावं तर याने भरलेली आहेत. आंबा मँगिफेरा इंडिका, नारळ कोकोस न्यूसिफेरा (नट देणारा), द्राक्ष व्हायटिस व्हिनिफेरा (वाइन देणारी), शेवगा मोरिंगा ओलिफेरा (तेल देणारा), ताड बोरॅसस फ्लॅबेलिफर (पंखे वाहणारा). वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ साली आंब्याला हे नाव दिलं तेव्हा त्यातला 'मँगो' दक्षिण भारतातून पोर्तुगीजांमार्फत युरोपात गेलेला होता आणि 'फेरा' लॅटिन होता. स्त्रीलिंगी नावाला फेरा, पुल्लिंगी नावाला फेर्. ताडाच्या नावात म्हणूनच 'फर' राहिलं. कोकणातल्या बागेतून चालतानाही हे क्रियापद आठवायला निमित्त मिळतं.

पायरी आठवी: अर्थाचे पदर

'वाहणे' हा मुळचा अर्थ. त्यातून सोसणे आला: दोलोरेम् फेर्रे, दुःख सोसणे. 'एग्रे फेर्रे' म्हणजे मनाला लावून घेणे. झाड फळ 'फेर्त्', आपण म्हणतो झाडाने आंबा धरला. 'औक्सिलिउम् फेर्रे' म्हणजे मदतीला धावणे. ओफ्फेरो म्हणजे पुढे ठेवणे आणि देवाला वाहणे सुद्धा. मराठीत ओझं वाहतात आणि फुलंही वाहतात, त्यामुळे हा पदर आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. भाषांतर करताना नेहमी 'वाहणे'च घालू नका. आधी कर्म कोणतं आहे ते पाहा, मग मराठी क्रियापद निवडा.

पायरी नववी: फोड करायची सवय

एक रूप पूर्ण उघडून पाहू: अब्स्तुलेरन्त्. शेवटाकडून सुरू करा. 'न्त्', म्हणजे कर्ता 'ते'. त्याआधी 'एरा', म्हणजे त्याआधीचा भूतकाळ, 'होतं'. त्याआधी 'तुल्', म्हणजे फेरोचं पूर्ण अंग, कर्तरि. सुरुवातीला 'अब्स्', म्हणजे दूर. जोडा: 'त्यांनी काढून नेलं होतं'. कोशात हे शोधायचं 'औफेरो' खाली, आणि नवशिका नेमका इथे चुकतो. तो 'अ-ब-स' या अक्षरांखाली शोधत बसतो. 'तुल्' किंवा 'लात्' दिसला की आधी मनात त्याच्या जागी 'फेर्' ठेवा, मग कोश उघडा.

आता सरावाची वाक्यं. उत्तरं झाकून आधी स्वतः करा.

सेर्वुस् अक्वम् फेर्त्. (नोकर पाणी वाहतो.)

सेर्वी अक्वम् फेरेबन्त्. (नोकर पाणी वाहत होते.)

अर्बोर् पोमा फेरेत्. (झाड फळं देईल. इथे 'ए' आहे, म्हणून भविष्य.)

पातेर् मिही लिब्रुम् अत्तुलित्. (वडिलांनी माझ्यासाठी पुस्तक आणलं. अद् + तुलित्.)

नौते फ्रूमेन्तुम् रोमम् त्रान्स्तुलेरुन्त्. (खलाशांनी धान्य रोमला नेलं.)

मीलितेस् वुल्नेराती इन् कस्त्रा लाती सुन्त्. (जखमी सैनिकांना तळावर नेण्यात आलं. कर्ता अनेकवचनी, म्हणून 'लाती'.)

दोलोरेम् फोर्तितेर् फेरामुस्. (दुःख धीराने सोसू या. 'आ' आहे, म्हणून विध्यर्थ. 'फेरेमुस्' असतं तर 'आपण सोसू', साधा भविष्यकाळ.)

रोजचा क्रम असा ठेवा. आधी तीन अंगं मोठ्याने, मग फेर्त्-फेरेत्-फेरत्-फेर्रेत् ही चौकडी, मग 'तुल्'चा एक काळ पूर्ण, आणि शेवटी उपसर्गाची एक ओळ तिन्ही तोंडांसह. रूपं लिहिण्यापेक्षा म्हणण्यावर भर द्या. धातू चालवायची आपली परंपरा मुखपाठाचीच आहे आणि लॅटिनलाही ती मानवते.

हे जमलं की पुढचं क्रियापद 'सुम्, एस्से, फुई' घ्यावं. त्यातही दोन धातू आहेत, अस् आणि भू. एस्त् शेजारी अस्ति, सुन्त् शेजारी सन्ति लिहून सुरुवात करा.